जादा गणिते नव्हेत, वेगळे गणित

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेतून मी पाचवीला इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात आलो, तेव्हा अंश-छेदाचे न्यूमरेटर-डिनॉमिनेटर झाले, पण उदाहरणे भराभर सुटत राहिली. लवकर सुटली की तशीच आणखी दहा मिळत. आठवीपर्यंत मी मुद्दाम सावकाश लिहायला शिकलो होतो.

नववीत गणिताच्या सरांच्या ते लगेच ध्यानात आले. धडा सुरू करण्यापूर्वीच ते त्यातील शेवटची अवघड उदाहरणे घालत आणि ज्याला ती येत त्याला बाकीच्या सरावातून सूट देत. मात्र त्या मोकळ्या वेळात त्याला खरोखर अडवणारे काहीतरी हाती ठेवत. मला त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची कृती दिली. तीन अंकी संख्या घ्यायची, तिन्ही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. प्रत्येक वेळी शेवटी ४९५ येई. मी चाळीसेक संख्या तपासून वही अभिमानाने पुढे केली. सरांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "तुला हे पटलंय, पण तू सिद्ध केलेलं नाहीस."

पुढचे चार दिवस मी अडून बसलो होतो आणि सरांनी उत्तर सांगितले नाही. त्यांनी एवढेच सुचवले, की अंकांऐवजी अक्षरे घेऊन बघ. मग दिसले, की मधला अंक वजाबाकीत उडतो आणि उरते ती ९९ ची पट, म्हणजे पहिल्या पायरीनंतर ९९ पासून ८९१ पर्यंत नऊच उत्तरे शक्य आहेत. ती नऊ तपासली की काम झाले. (९९ हे ०९९ असे लिहायचे, हे मात्र मला सरांकडून कळले.)

दहावीचा पोर्शन नववीतच उरकून देणे त्यांना सोपे होते. काही मुलांना तशी पुढची वाट मोकळी करून द्यावीच लागते, असे माझे मत आहे. पण मला गरज होती ती अडण्याची सवय लागण्याची, आणि ती त्यांनी ओळखली. आज मीही नववीला गणित शिकवतो. लवकर हात वर करणाऱ्या मुलीला मी पुढची दहा उदाहरणे देत नाही. तिला चार अंकी संख्या घ्यायला सांगतो, जिथे ६१७४ येते आणि माझी ती युक्ती पुरत नाही.