आखाजीचा ग्रुप फोटो

आखाजीच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय तृतीयेच्या दिवशी फोटो जेवणाआधीच काढायचा, हे शिकायला मला चार-पाच वर्षं लागली. खापरावरचे मांडे आणि आमरस एकदा पोटात गेला की माणसं उभी राहत नाहीत. निम्मी पेंगतात, उरलेली पत्त्यांना बसतात. आणि आखाजीच्या पत्त्यांवरून माणूस उठवणं म्हणजे मांडलेल्या पंगतीतून उठवण्यासारखं. ‘एवढा डाव होऊ दे’ या एका वाक्यावर मी एकदा दिवेलागणीपर्यंत थांबलोय.

पण जेवणाआधी म्हणजे भर दुपार, आणि अमळनेरकडची वैशाखातली दुपार. सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर आमच्याकडे एक दिवस असा येतो की सावली पायाखाली गडप होते. आखाजी त्याच्या थोडीच आधी. त्या उन्हात कपाळं चकाकतात आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. पहिल्या वर्षीचा फोटो बघून मोठ्या फुईने, म्हणजे आत्याने, स्वतःवरच बोट ठेवून विचारलं होतं, “हाऊ कोना फोटू शे?”

दुसऱ्या वर्षी सगळ्यांना निंबाखाली नेलं. झोका बांधलेला, लेकीबाळी नटलेल्या, चित्र छान होतं. फोटोत मात्र पानांतून गळलेले कवडसे सगळ्यांच्या तोंडावर. धाकट्या बहिणीच्या नाकावर रुपयाएवढा पांढराफेक ठिपका आला, तो अजून तिला चिडवायच्या कामी येतो.

जागा शेवटी घरातच सापडली. आमचं घर धाब्याचं, तोंड उत्तरेला. दुपारी ओट्यावर ऊन नसतं, पण गल्लीतली पांढरी माती आणि समोरची चुन्याची भिंत तापून झगझगत असते, आणि तिचा उजेड ओट्यावर बसलेल्यांच्या तोंडावर मऊ पसरतो. स्टुडिओवाला याच उजेडासाठी छत्र्या लावतो. आम्हाला तो शेजाऱ्यांच्या भिंतीकडून फुकट मिळतो.

फोनचंही एक आहे. सगळे मावावेत म्हणून जवळ उभं राहून रुंद लेन्सने काढला, तर कडेची माणसं ताणली जातात. कडेला कोण असतं? ज्यांना आधीच स्वतःच्या दंडाची काळजी आहे त्या. म्हणून मी गल्लीत पार मागे, भिंतीला पाठ टेकेपर्यंत जातो आणि दोन पट झूम करतो. आणि एकावर थांबत नाही. किती काढायचे, याचा हिशेब ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी खरोखरच केलाय आणि त्यांना 2006 साली त्यासाठी इग नोबेलही मिळालं: विसाच्या आत माणसं असतील तर उजेड चांगला असताना संख्येला तीनने भागा, कमी असताना दोनने; तेवढ्या फोटोंत एक तरी असा निघतो ज्यात कुणाचेच डोळे मिटलेले नसतात. आम्ही अठरा. म्हणजे सहा. पण त्या हिशेबात आमचे काका धरलेले नाहीत. प्रत्येक क्लिकच्या नेमक्या क्षणी ते तोंड उघडून विचारतात, “निंघना का?”

अशा वेळी मला चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस आठवतात. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता त्यांनी टेबलावर वस्तू मांडून, उजेड खेळवून देखावेच्या देखावे उभे केले. टेबलावरच्या वस्तू ‘निंघना का’ विचारत नाहीत.

हा एवढा खटाटोप वडिलांच्या हट्टापायी. आखाजीला सकाळी पितरांची घागर भरतात, वर डांगर (खरबूज) आणि सांजोरी ठेवतात. घागरीमागे आजोबांचा फोटो असतो. तो कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. फ्रेमच्या डाव्या कडेला अजून एक अर्धा खांदा आणि कोटाचं एक बटण दिसतं. तो खांदा कुणाचा, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. वडील दर आखाजीला फ्रेम पुसतात, खांदाही पुसतात, आणि मला म्हणतात, “सगळ्यांचा काढ. एक पण सुटायला नको.”

इथेच गोम आहे. आखाजीला सगळे कधीच नसतात. हा सण लेकींचा. माझ्या दोन्ही बहिणी, फुया, त्यांची पोरं, सगळा गोतावळा येतो. आणि म्हणूनच माझी बायको आणि वहिनी त्यांच्या त्यांच्या माहेरी गेलेल्या असतात. जावई तर नसतातच. बरं, दिवाळीला काढावा, तर पाडव्यापर्यंत सुना घरात आणि लेकी सासरी. भाऊबीजेला लेकी दारात उतरतात तोवर सुनांनी बॅगा भरलेल्या. पूर्ण घराचा फोटो आमच्याकडे फक्त लग्नात निघतो, आणि तिथे निम्मे आहेराच्या रांगेत असतात.

त्यामुळे ओट्यावर मी माणसं बसवतो तेव्हा माझ्या शेजारी आपोआप एक जागा राहते. दहा सेकंदांचा टायमर लावून, फोन खाटेला टेकवून मी धावत येऊन त्या जागेजवळ बसतो. बहिणीचा पोरगा तिथे सरकायला बघतो. वडील त्याला ओढून घेतात.

यंदा संध्याकाळी बायकोने शहाद्याकडून, माहेरचा फोटो पाठवला. झोक्यावर तिघी बहिणी, मागे पोरं, आणि कडेला तिचा भाऊ, उन्हाने डोळे बारीक केलेला. त्याच्या शेजारीही जागा होती. त्याची बायको चोपड्याला, तिच्या भावाच्या फोटोत असणार. सगळ्यांच्या तोंडावर निंबाचे कवडसे. मी त्याला फोन लावून म्हटलं, “अरे, ओट्यावर काढायचा ना.”

“दाजी, ओट्यावर पत्ते चालू होते,” तो म्हणाला, आणि मागून कुणीतरी त्याला हाक मारली तसा म्हणाला, “थांबा, एवढा डाव होऊ द्या.”