शेजारच्या शब्दाला विचारा

मराठीच्या तासाला आमच्या बाई सारख्या उच्चारांच्या शब्दांची यादी पाठ करायला देत नसत. फळ्यावर अख्खे वाक्य लिहीत आणि एक जागा मोकळी सोडत; तिथे कोणता शब्द बसतो ते शेजारच्या शब्दांवरून ओळखायचे. ठाण्यातल्या आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मला त्या रीतीविषयीच लिहायचे आहे.

पहिला आधार लिंगाचा. 'नाव लिहिले' आणि 'नाव उलटली' यांत अक्षरे तीच. पण विभक्ती लावा, 'नावात' आणि 'नावेत' लगेच वेगळे होतात. 'वेळ गेला' म्हणजे अवधी संपला, 'वेळ आली' म्हणजे घटका आली. हार घातला जातो, हार पत्करली जाते.

खरी गफलत ऱ्हस्व-दीर्घात होते. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. पुर म्हणजे नगर, पूर पाण्याचा. 1962 च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे मराठी अकारान्त (शेवटी 'अ' असलेल्या) शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराआधीचा, इकार-उकार दीर्घ, तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या, शब्दातला मुळाप्रमाणे. इथवर मुले बरोबर येतात. पुढे सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द बदलतो त्या रूपात, मराठी शब्दाचा तो दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो: सूत, सुताचा, पूर, पुराचा. मग 'सुताचा' म्हणजे मुलाचा की धाग्याचा, हे अक्षरावरून कळतच नाही. पुढे 'गुंडा' आहे की 'विवाह', ते पाहावे लागते. कर्णाला सूतपुत्र म्हणतात त्यातला 'सूत' म्हणजे सारथी. तो तत्सम, म्हणून 'सूताचा' दीर्घच राहतो. दिन आणि दीन हे दोन्ही तत्सम, त्यामुळे तेही सामान्यरूपात आपापला स्वर सोडत नाहीत.

'ग्रह' आणि 'गृह' यांत अर्थाकडे पाहावे. धरण्याचा अर्थ असेल तिथे ग्रह: आग्रह, संग्रह, पूर्वग्रह. घराचा असेल तिथे गृह: सभागृह, वसतिगृह, गृहनिर्माण संस्था.

अपेक्षा-उपेक्षेत मागचा प्रत्यय मदत करतो. कोणाकडून तरी अपेक्षा असते, कोणाची तरी उपेक्षा होते. तरीही शंका उरली तर समानार्थी शब्द घालून पाहावा. 'पावसाचा लोकलवर परिणाम झाला' यात 'माप' बसत नाही, म्हणजे 'परिमाण' नव्हे. फोनवर लिहिताना हे जास्तच जपायला हवे; दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे चूक दाखवणारी लाल रेघ उमटत नाही.

आता शिकवणाऱ्यांसाठी थोडे. ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठी आगरी-कोळी घरांत 'पाणी'चे 'पानी' होते, हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना 'ळ' नवा असतो. हा त्या-त्या बोलीचा स्वभाव आहे, मुलाचा दोष नाही, आणि त्यासाठी वर्गात कोणाला त्याच्यावर हसू देऊ नये. श्रुतलेखनात सुटे शब्द घातले तर 'गाळ' की 'गाल' हे त्याने ठरवायचे कशावरून? 'ओहोटीला खाडीत गाळ उघडा पडतो' असे पूर्ण वाक्य सांगावे, दोनदा सांगावे, आणि लिहायला वाक्य संपल्यावरच सुरुवात करू द्यावी.