आमची वाटचाल : दुकान, पगार आणि मामांचा शर्ट

१९८७ साली अण्णांनी इचलकरंजीत दहा बाय बाराचा गाळा भाड्यानं घेतला आणि किराणा दुकान टाकलं. त्याआधी ते स्वतः एका होलसेल दुकानात कामाला होते, पोती उतरवायची, पुड्या बांधायच्या, रात्री वही लिहायची. आमचं गिऱ्हाईक म्हणजे निम्म्याहून जास्त यंत्रमागावरचे कामगार. पगाराच्या दिवशी संध्याकाळी दुकानासमोर सायकली लागायच्या आणि वरून लोंबणाऱ्या दोऱ्याचं रीळ एका दिवसात संपायचं, एवढ्या पुड्या बांधल्या जायच्या. मी शाळेतून आलो की दप्तर आत टाकून पोत्यावर बसायचो आणि मामांचे हात बघत राहायचो. मामा म्हणजे आमचा पहिला माणूस, दुकानाच्या दुसऱ्याच वर्षी कामाला लागलेला. कागद, डाळ, दोन घड्या, दोऱ्याचा फेरा, झटका. अर्धा किलोची पुडी किती सेकंदात व्हायची ते सांगितलं तर आताच्या पोरांना खरं वाटत नाही.

पगाराचं गणित तेव्हा तोंडीच असायचं. चहा, दुपारचं जेवण, दिवाळीला कापडं, घरात कुणी आजारी पडलं की उचल, पोरीच्या लग्नाला जास्तीची उचल. अण्णा म्हणायचे आपण घरच्यासारखं सांभाळतो, आणि ते मनापासून म्हणायचे. पण सरकारनं दुकानातल्या कामगारासाठी काही दर ठरवलेला असतो, महागाईप्रमाणे त्यावरचा भत्ता दर सहा महिन्याला बदलतो, हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. २०१७ च्या शेवटी नवा दुकान कायदा आला तेव्हा आमचा हिशेब बघणारे म्हणाले, दहापेक्षा कमी माणसं आहेत ना, मग तुम्हाला काही लागू नाही, नुसती ऑनलाईन सूचना द्या. आम्ही निवांत झालो. इथंच चूक झाली आणि माझ्या ओळखीतल्या कितीतरी दुकानदारांची आजही तीच होते म्हणून मुद्दाम लिहितोय. दहाचा आकडा दुकान कायद्याचा होता. किमान वेतनाचा कायदा वेगळा, १९४८ सालचा, त्यात एक माणूस कामाला असला तरी दर पाळावा लागायचा.

हे मला कळलं ते जुलै २०१९ मध्ये, आणि सांगितलं आमच्याच काउंटरवर बिलिंग करणाऱ्या मुलीनं. बी.कॉम. करत करत कामाला यायची. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तिनं मोबाईल गल्ल्याशेजारी ठेवला आणि म्हणाली, "दादा, हे एकदा बघा, रागवू नका." २४ जुलैची अधिसूचना होती. दुकानांसाठी नवे दर. महापालिकेच्या हद्दीत परिमंडळ एक, अ आणि ब वर्ग नगरपालिका परिमंडळ दोन, बाकी सगळं तीन. आमची तेव्हा नगरपालिका, म्हणजे दोन. अकुशल ९,४२५, अर्धकुशल १०,२६०, कुशल ११,०३६, आणि वर तो दर सहा महिन्याला बदलणारा विशेष भत्ता. आमच्याकडे चार हेल्परना, म्हणजे अकुशल, ७,५००, काउंटरवरच्या दोघींना, म्हणजे अर्धकुशल, ९,००० आणि मामांना, म्हणजे कुशल, ९,५००. मी त्याच दुपारी पावतीच्या मागं आकडे मांडले. महिन्याला ११,७५६ चा फरक.

बाहेरच्या माणसाला पावणेबारा हजार म्हणजे काय एवढं, असं वाटेल. किराण्यात साखर, तेल, गहू, तांदूळ यात शंभराला तीन-चार रुपये सुटतात, बिस्कीट साबणात आठ-दहा, सगळं मिळून आमची सरासरी सहाच्या आसपास. म्हणजे तो फरक भरून काढायला महिन्याला जवळपास दोन लाखांची जादा विक्री पाहिजे. आणि भाव वाढवून वसूल करावं तर तेलाच्या पिशवीवर किंमत छापलेली, शेजारी मॉल त्याच्याही खाली विकतोय. कापडवाला, हॉटेलवाला थोडंफार पुढं ढकलू शकतो, किराणावाल्याला तेवढी जागाच नाही.

त्यात तो दर आठ तासांचा, महिन्याचे सव्वीस दिवस धरून. आमची माणसं सकाळी आठ ते रात्री साडेआठ, मध्ये जेवणाला तास. जादा वेळेला दुप्पट दर लागतो, तो हिशेब तर मी त्या दिवशी केलाच नाही, धीर झाला नाही.

अण्णांना सांगितलं तर ते फार दुखावले. मी त्यांना पोरांसारखं वागवलं आणि आता कागद दाखवून मला पगार शिकवताय का, असं म्हणाले, त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना बोलावून सरळ विचारलं, तुला कमी पडतंय का रे? मामा बराच वेळ खालीच बघत होते, मग हळू आवाजात म्हणाले, "मालक, दिवाळीचा शर्ट नको. तेवढं पगारात घाला." तीस वर्षं त्या माणसानं आमच्याकडून शर्ट घेतला होता. अण्णा काहीच बोलले नाहीत, उठून आत गेले.

आठ-दहा दिवसांनी पंचगंगेचा महापूर आला. ऑगस्ट २०१९, कोल्हापूर सांगलीकडच्या कुणालाच तो विसरता येणार नाही. आमच्या गोडाऊनमध्ये पाणी शिरायला लागलं तेव्हा रात्रीचा एक वाजलेला. फोन न करता चौघं आले, दोघांच्या स्वतःच्या घरात पाणी होतं तरी आले, आणि पहाटेपर्यंत साखरेची पोती माळ्यावर चढवली. गहू गेला, कडधान्य बरंच गेलं, साखर वाचली. चिखल काढून झाल्यावर अण्णाच म्हणाले, दिवाळीपासून पगार वाढव. आम्ही पूर्ण फरक एकदम देऊ शकलो नाही हेही सांगतो, अर्धा ऑक्टोबरपासून आणि उरलेला जानेवारी २०२० पासून दिला. कायद्यानं तो पहिल्या दिवसापासून द्यायचा होता.

मग दुकान चालवायची पद्धतच बदलली. दुपारी दोन ते चार शटर बंद, माणसांच्या दोन पाळ्या, कुणाचेही आठ तासांच्या वर नाहीत. सुट्या पुड्या बंद करून सकाळच्या मोकळ्या वेळात अर्धा-एक किलोची पाकिटं भरून ठेवायला लागलो, गर्दीच्या वेळी एका गिऱ्हाइकाला लागणारा वेळ निम्म्यावर आला. पन्नास रुपयांच्या सामानालाही पोरगं घरी पाठवायचो, ते थांबवलं, काही जुनी गिऱ्हाइकं त्यावरून नाराज झाली. आणि ज्यात काहीच सुटत नव्हतं असा माल कमी करून बचत गटाच्या बायकांची कांदा-लसूण चटणी, भाजणी, मेतकूट ठेवायला लागलो. चटणीनं आम्हाला खरा हात दिला. मिरची आणून, निवडून, कांडपाला जायला आता नोकरी करणाऱ्या घरात वेळ कुणाला आहे, आणि त्यात शंभराला वीस सुटतात. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, किराणा अत्यावश्यक म्हणून उघडा राहिला आणि विक्री वाढली. ती वाढ नसती तर आम्ही तो पगार टिकवू शकलो असतो का, याचं प्रामाणिक उत्तर मला देता येत नाही.

एक गोष्ट मात्र गेली. पूर्वी दरवर्षी दहावी-बारावी झालेला एखादा पोरगा आम्ही ठेवायचो, त्याला काही येत नसायचं, सहा महिन्यात तो काटा, हिशेब, माणसाशी बोलणं शिकायचा आणि मग चांगल्या ठिकाणी लागायचा. त्यातल्या दोघांची आज स्वतःची दुकानं आहेत. २०१९ नंतर आम्ही असा पोरगा ठेवला नाही. पूर्ण दर देऊन शिकवत बसायची आमची ऐपत राहिली नाही. आहे त्या माणसाला आम्ही काढलं नाही, पण जो कधी आलाच नाही त्याचं नाव कुठल्याच हजेरी पुस्तकात नसतं, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. मला ते सलतं.

तरीही पगारवाढ नको असं मी म्हणणार नाही, कारण आमचा गल्लाच कामगाराच्या पगारावर भरतो. २०१३ च्या सुरुवातीला मजुरीवाढीसाठी यंत्रमाग कामगारांचा मोठा संप झाला तेव्हा आमची उधारीची वही भरून दुसरी काढावी लागली होती. संप मिटून मजुरी वाढली, चार-पाच महिन्यात बहुतेकांनी उधारी फेडली आणि शाम्पूची पुडी नेणारी बाई बाटली न्यायला लागली. मी हे डोळ्यानं बघितलंय. माझं म्हणणं वेळेबद्दल आहे. दराची फेररचना जास्तीत जास्त पाच वर्षांनी व्हावी असं कायद्यातच होतं, आमच्या धंद्याची २०१० नंतर झाली ती २०१९ ला. मधल्या काळात भत्ता वाढत होता, पण तोही ज्याला माहीत त्यालाच, आणि मग नवा आकडा अंगावर येतो तेव्हा छोटा दुकानदार दोनच गोष्टी करतो, एकतर माणूस कमी करतो नाहीतर कागदावर एक आणि हातात एक देतो. दुसरं आमच्याच बाजारात सर्रास चालतं. सहा महिन्याला दोन-चारशे वाढले तर ते पचतात, आम्ही गेली काही वर्षं जानेवारी आणि जुलैला न चुकता वाढवतोय आणि खरंच जड गेलेलं नाही.

२०२२ ला इचलकरंजी महानगरपालिका झाली. गावाला आनंद झाला, मलाही झाला. पण परिमंडळ दोनचं एक झालं म्हणजे माणशी मूळ दरात ५९६ रुपये वाढले, हे बाजारातल्या किती जणांच्या लक्षात आलं माहीत नाही. आमच्या सहा माणसांचे महिन्याला ३,५७६ झाले. सहा, कारण मामा २०२१ ला थांबले आणि त्यांच्या जागी आम्ही कुणाला घेतलं नाही. आम्हाला ग्रॅच्युइटी लागू नव्हती, तरी अण्णांनी वर्षाला पंधरा दिवसांचा पगार धरून हिशेब केला आणि चेक मामांच्या घरी जाऊन दिला. अण्णा त्यानंतर वर्षभरानं गेले.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या त्या कायद्याच्या जागी वेतन संहिता लागू झालीय, तिचे कागद मी आणि ती बिलिंगवाली मुलगी मिळून वाचतोय. ती आता आमचा सगळा हिशेब बघते. शहापूरला एक गाळा बघितलाय, चटणी-भाजणी आणि रोजच्या सामानाचं छोटं दुकान टाकायचा विचार आहे, दोन बायका आणि एक शिकाऊ पोरगा, त्यालाही पूर्ण दर. भाडं अजून ठरलेलं नाही, पण तिघांच्या पगाराचा कागद तिनं आधीच करून ठेवलाय, जुलैची वाढ धरून. तेवढी विक्री निघते का ते बघूनच मालकाला हो म्हणणार आहे.