तुम्ही विचारलंत म्हणून: मातीखाली गेलेलं काम

बागा करून देणाऱ्या व्यावसायिकांकडून मला एक प्रश्न फिरून फिरून येतो. वेबसाइट झाली, फोटो चढवले, आता प्रत्येक सेवेचं वेगळं पान करायचं आहे, तर त्यावर लिहायचं काय? विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा एक मसुदा तयार असतो. त्यात ‘दर्जेदार’, ‘आकर्षक’, ‘तुमच्या स्वप्नातली बाग’ असे शब्द असतात आणि माती, पाणी, उतार, मुळं यांतलं काहीच नसतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

काम संपल्यावर जे मातीखाली जाणार आहे ते पानावर लिहा, हे माझं उत्तर.

वरचं सगळं फोटोत दिसतंच. दोन ठिकाणच्या नव्याकोऱ्या हिरवळीचे फोटो शेजारी ठेवले तर ग्राहकाला त्यांत फरक सापडत नाही. तो वर्षाने कळतो, एकीकडे पाण्याची डबकी होऊ लागतात तेव्हा. खरं कौशल्य आणि खर्चाचा मोठा भाग मातीखाली गेलेला असतो, आणि तो दाखवायला तुमच्याकडे शब्दांशिवाय दुसरं साधन नाही.

हे मला एका रिटेनिंग वॉलच्या पानाने शिकवलं. उतारावरची माती धरून ठेवणाऱ्या या भिंतीबद्दल मी मजबुती आणि सौंदर्य यांवर चार परिच्छेद लिहून दिले होते. नंतर काम प्रत्यक्ष पाहायला गेले. अर्धा दिवस झाला तरी माणसं भिंतीच्या मागेच राबत होती. तळाशी छिद्रांचा पाइप, त्यावर खडी, खडीत माती शिरू नये म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड, आणि पाइपचं तोंड उताराच्या बाजूला मोकळं. कारण विचारलं तर मिस्त्री म्हणाले, “भिंतीला मातीपेक्षा पाण्याची भीती जास्त.” मागे साचलेल्या पाण्याला वाट मिळाली नाही, की भिजलेल्या मातीचा आणि पाण्याचा दाब मिळून भिंत पुढे झुकते. माझ्या चार परिच्छेदांत पाणी हा शब्दच नव्हता. मी ते पान काढून टाकलं आणि मिस्त्रींच्या वाक्यापासून नव्याने लिहायला घेतलं.

ग्राहक तुमच्या सेवेचं नाव घेऊन येत नाही. त्याच्याकडे तक्रार असते. पाऊस झाला की पायऱ्यांपाशी पाणी थांबतं, गवत मधेच पिवळं पडलंय, फरशा खाली-वर झाल्यात. पानाची पहिली दोन-तीन वाक्यं या तक्रारीची असावीत, तीही त्याच्याच शब्दांत. ‘निचरा व्यवस्थापन’ म्हटलं तर तो पुढे सरकेल. ‘पाणी साचतं’ म्हटलं तर थांबेल. त्यानंतर तसं का होतं ते सांगा, मग तुम्ही काय करता ते. तुमची स्थापना कधी झाली, ध्येय काय, हे ‘आमच्याविषयी’च्या पानावर राहू द्या.

किती पानं करायची, हाही प्रश्न लगेच येतोच. ग्राहकाची काळजी बदलते तिथे पान बदलावं. नवं लॉन लावणं हे एकदाच होणारं काम आहे. लॉनची देखभाल हे महिनोन्महिने चालणारं नातं आहे, तिथे माणूस कोण येतो, किती दिवसांनी येतो, कापलेलं गवत कोण उचलतं, हे विचारलं जातं. म्हणून ही पानं दोन. झुडपांची छाटणी आणि हेजची, म्हणजे झुडपांच्या कुंपणाची, छाटणी मात्र एका पानात मावते. एकच मजकूर घेऊन फक्त भागांची नावं बदलत वीस पानं करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो घेऊ नका. शोधात वर येण्यासाठीच केलेल्या अशा पानांना गूगल ‘डोअरवे’, म्हणजे नुसतं प्रवेशदार, म्हणतं आणि ती त्याच्या स्पॅमविषयक नियमांत बसतात. एखाद्या भागासाठी वेगळं पान हवंच असेल, तर तिथली माती कशी आहे, उतार कसा आहे, तिथे तुम्ही कोणतं काम केलंय, हे लिहिता आलं पाहिजे.

आता लॉनचंच पान घेऊ. जुनं गवत आणि तणांची मुळं काढणं, साधारण १५ सेंटीमीटर माती मोकळी करणं, खत मिसळणं, उतार इमारतीपासून बाहेरच्या बाजूला देणं, मग तयार गवताचे गालिचे अंथरून रोलर फिरवणं. एवढं सरळ ओळीने लिहिलं तरी वाचणाऱ्याला कळतं की कोटेशनमधले पैसे कुठे जातात. त्यापुढचा भाग तर बहुतेक पानांवर नसतोच: तुम्ही निघून गेल्यावर काय? मुळं खाली धरायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. तोवर पाणी कसं द्यायचं, त्यावर चालायचं की नाही, पहिली कापणी कधी, एका वेळी गवताच्या पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त का कापू नये, हे सगळं पानावर असू द्या. सगळं फुकट सांगितलं तर लोक स्वतःच काम करतील, अशी भीती मला बोलून दाखवतात. काही करतीलही. पण वाचून ज्याला कष्टांचा अंदाज आला, तो फोन करताना दरावरून घासाघीस कमी करतो आणि कामाबद्दल नेमकं विचारतो.

आणि ‘नाही’ लिहायला कचरू नका. दिवसभर दाट सावली असलेल्या जागी लॉन टिकत नाही, तिथे आम्ही सावलीतली झाडं किंवा फरसबंदी सुचवतो, असं स्पष्ट लिहा. झाडांच्या छाटणीच्या पानावर तर हे आवर्जून हवं. झाडाचा शेंडा आणि मोठ्या फांद्या सरसकट सपाट छाटून द्या, अशी मागणी नेहमी होते. त्या जखमा नीट भरत नाहीत, कुजायला लागतात आणि कापल्या जागी फुटणारे दाट कोंब कमकुवत पकडीचे असल्याने पुढे वाऱ्यात मोडतात. ‘आम्ही असं छाटत नाही, त्याऐवजी निवडक फांद्या विरळ करतो’ हे एक वाक्य कारणासह लिहिलंत, तर तुमच्या हातात आपलं झाड सुरक्षित आहे हे ग्राहकाला पटतं. असं वाक्य लिहिताना काही कामं हातची जातील हे मला माहीत आहे. तरी लिहावं, कारण ते झाडाच्या हिताचं आहे.

दराबद्दल गप्प बसू नका. आकडा देता येत नसेल तर तो कशाने बदलतो ते द्या. जागेत यंत्र जाऊ शकतं की सगळं हाताने वाहायचं, उतार किती, खणलेली माती कुठे टाकायची, जुनी फरसबंदी उखडायची आहे का. कोटेशनमध्ये काय धरलंय आणि काय नाही, हेही सांगा. रोपं जगण्याची हमी देत असाल तर किती दिवसांची आणि पाणी घालण्याची जबाबदारी कुणाची, हे त्याच वाक्यात यावं. मोठ्या उंचीच्या भिंतीला अभियंत्याचं डिझाइन आणि परवानगी लागू शकते, तीही बाब इथेच लिहावी. नंतर कळलेल्या खर्चाने बिघडलेलं नातं नव्या रोपांनी सुधारत नाही.

फोटोंचं म्हणाल, तर मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो मधला फोटो. आधीचा आणि नंतरचा सगळे काढतात. माती लोटण्याआधीचा, पाइप आणि खडी दिसणारा फोटो क्वचित कुणाकडे असतो, कारण त्या घाईत कुणाला सुचत नाही. कामावरच्या एकाला ती जबाबदारीच देऊन ठेवा. प्रत्येक फोटोखाली एक साधी ओळ लिहा. स्क्रीन रीडर (न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी जे वर्णन द्यायचं असतं त्यात चित्रात आहे तेवढंच सांगा, शोधाचे शब्द कोंबू नका. फोनमधून निघालेले जड फोटो तसेच चढवू नका. पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे, आणि तुमचा ग्राहक बहुधा अंगणात उभा राहून फोनवरच पाहतो आहे. त्याच कारणाने फोन नंबर बोटाने दाबता येईल असा ठेवा.

बाकी तांत्रिक गोष्टी थोडक्यात. शीर्षकात सेवा आणि भाग साध्या शब्दांत. शोधात शीर्षकाखाली दिसणारं वर्णन तुमचं पान कितव्या क्रमावर येतं हे ठरवत नाही, पण ते वाचून माणूस आत येतो, म्हणून मनापासून लिहा. कीवर्ड टॅगचा, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून लिहिलेल्या शोधाच्या शब्दांचा, क्रमासाठी वापर करत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितलंय. शोधाच्या निकालातच पानावरची प्रश्नोत्तरं दाखवणारी खास मांडणीही २०२३ मध्ये गूगलने मुख्यतः सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरती केली. म्हणून शोधासाठी प्रश्न रचू नका, फोनवर खरोखर आलेलेच घ्या.

ते मिळवायची माझी पद्धत सांगते. दोन आठवडे फोनपाशी वही ठेवायची आणि आलेला प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा उतरवायचा. मग जागा पाहून परत येताना काम करणाऱ्यांपैकी अनुभवी माणसाला बोलतं करायचं. आज काय पाहिलं, कशाची काळजी वाटली, पहिल्यांदा कुठे खणणार? ते फोनवर रेकॉर्ड करायचं आणि घरी येऊन टंकायचं. पान तयार झालं की मी ते त्याच माणसाला मोठ्याने वाचून दाखवते. ‘हे असं नसतं हो’ म्हणून तो जिथे मला थांबवतो, तिथे मी पेन काढते.