देवघराच्या दारापासून सिनेगॉगच्या खिडकीपर्यंत

वडिलांनी जालन्यात दुकान टाकलं ते फोटो फ्रेम आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं. मी धंद्यात आलो तेव्हा देवघराच्या काचेच्या दारावर गणपती, विठ्ठल, बालाजी कोरून घ्यायची हौस जोरात होती. पुढे रंगीत काच शिशाच्या पट्ट्यांत बसवायचं काम शिकलो, बंगल्यांची कामं केली. ते सगळं नेहमीचंच.

रायगड जिल्ह्यातल्या एका जुन्या सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं, काम आर्किटेक्टच्या ओळखीतून आलं. बेने इस्रायली मंडळी, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी, आडनावं दिवेकर, पेणकर अशी. त्यामुळे बोलणी सोपी गेली. अट एकच, पण कडक: माणसाचं चित्र नको, देवाचं तर नावच काढू नका. आमच्या कारागिरांचा हात बसलेला तो चेहऱ्यांवर! मग चित्रकार मार्क शगालने जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातल्या सिनेगॉगसाठी केलेल्या बारा खिडक्यांचे फोटो मागवले. १९६२ सालच्या त्या कामात पक्षी, मासे, प्राणी सगळं आहे, माणूस नाही. पोरांना धीर आला.

शेवटी तोरा या त्यांच्या धर्मग्रंथातली सात पिकं ठरली: गहू, सातू, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह, खजूर. द्राक्षाचा घड जालन्याजवळच्या कडवंची गावच्या मळ्यातून पानांसकट आणून समोर टांगला. ऑलिव्ह तेवढं फोटोवरून. खरा घाम काढला डाळिंबाने. फुटलेल्या फळातला दाणा न् दाणा वेगळा कापायचा, आणि प्रत्येकाभोवती शिशाची जाड पट्टी आली तर दाण्यापेक्षा पट्टीच जास्त दिसते. म्हणून तेवढ्या भागात काचेच्या कडेला तांब्याची पातळ चिकटपट्टी गुंडाळून झाळकाम केलं.

हिब्रू अक्षरं काळ्या रंगाने काढून भट्टीत भाजली. दालेतचा कोपरा जरा गोल झाला की त्याचा रेश होतो, म्हणून भाजण्याआधी प्रत्येक ओळ त्यांच्यातल्या एका आजोबांनी तपासली. काच उलटी बसली तरी आमच्यापैकी कुणाला कळणार नव्हतं. आतल्या बाजूला मोठा ‘आत’ लिहून स्टिकर लावले.

तोरा ठेवायचं कपाट जेरुसलेमकडच्या भिंतीला, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला. खिडक्या त्याच्या दोन्ही अंगांना. दुपारच्या प्रार्थनेला ऊन थेट डोळ्यांवर येणार, म्हणून खाली दुधी काच आणि भडक रंग वर. शिवाय कोकणातला पाऊस त्याच भिंतीला झोडपतो. आपल्या हवेत जवसाच्या तेलाची पुट्टी पटकन धरते, तिथे धरता धरत नाही. ती इथेच पुरती वाळवून मग तावदानं नेली आणि बाहेरून साधी टफन काच लावली, मध्ये हवेला फट ठेवून.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत हत्यारं खाली, ती शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. आमच्या पोरांना हा नियम भलताच आवडला.

आता देवघराच्या दारालाही मूर्तीऐवजी डाळिंबाची फांदी मागणारी गिऱ्हाइकं येतात. कापकाम जास्त, म्हणून दर जास्त सांगतो. निम्मे जण दर ऐकून गणपतीवर येतात.