पद्मिनीचं कम्प्रेशन आणि आत्याची ब्युरेट

बाबांची ७८ सालची प्रीमियर पद्मिनी गाडी इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरी नऊ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या दिवाळीनंतर एकदाचं इंजिन खोललं, सिलिंडर घासून अंडाकृती झालेले, म्हणून बोरिंग, म्हणजे सिलिंडर थोडे मोठे कापून पुन्हा गोल, करून घेतलं आणि सियागंजातून एक मिलिमीटर ओव्हरसाईजचे पिस्टन आणले. इथपर्यंत सोपं, पैसे दिले की काम होतं. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, फेस करायला (खालची बाजू घासून सपाट करायला) नेलं तेव्हा मशीनवाला म्हणाला, "भिया, कितना उड़ाना है?" आणि मला उत्तरच येईना. सपाट होण्यापुरतं मार म्हटलं, आणि हेड घरी घेऊन आलो.

हेड जितकं जास्त उडवाल तितका कम्प्रेशन रेशो, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते तो आकडा, वाढतो. पुस्तकात तो छापलेला असतो पण तो कारखान्यातून निघालेल्या इंजिनाचा, आमचं हेड आधी किती वेळा फेस झालंय हे सांगायला आता बाबा नाहीत. आमचे मेकॅनिक उस्ताद म्हणाले गेज लाव, कळेल. पण गेज प्रेशर दाखवतं, ते रिंगा, व्हॉल्व्ह, टायमिंग सगळ्यावर अवलंबून, शिवाय त्यासाठी इंजिन आधी जोडायला पाहिजे. मला जोडायच्या आधी हवं होतं.

मग वही काढली. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, आता ६.९ सेंटीमीटर, त्याचा वर्ग गुणिले ०.७८५४ (पायचा चौथा भाग) गुणिले स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७.५, आले २८०.४५ सीसी. चारांचे मिळून ११२२, मूळचे १०८९. हा भाग पाच मिनिटांचा. खरी गंमत पिस्टन वर आल्यावर जी पोकळी उरते तिची, कारण ती एवढीशी असते आणि त्यात दोन-तीन सीसी इकडेतिकडे झाले की सगळा रेशो हलतो.

आत्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, तिच्याकडे पन्नास एमएलची ब्युरेट, खाली तोटी असलेली मापाची काचेची नळी, अजून होती. साइनबोर्डवाल्याकडून ॲक्रिलिकचा तुकडा आणला, त्याला दोन भोकं पाडली, एक भरायला आणि एक हवा जायला. हेड उलटं ठेवलं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेले, कडेला ग्रीस, वर ॲक्रिलिक. पहिल्यांदा शाई घातलेलं पाणी वापरलं, ते तेलकट ॲल्युमिनियमला चिकटेचना, बुडबुडा कोपऱ्यात अडकून बसला आणि तीन वेळा तीन आकडे. मग डिझेलमध्ये थोडं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) मिसळलं, हेड जरा तिरकं केलं, बुडबुडा सरकत सरकत भोकातून बाहेर. आत्या सारखी ओरडत होती, "डोळा रेषेच्या समोर आण रे, वरून काय बघतोस!"

हेडमधल्या चार पोकळ्यांचे, म्हणजे चेंबरचे, आकडे आले ३५.४, ३५.८, ३३.६, ३५.५. तिसऱ्याचं कारण नंतर लक्षात आलं, त्यात कधीतरी व्हॉल्व्हच्या नव्या सीट टाकल्या होत्या, व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा चेंबरमध्ये जास्त पुढे येत होते.

हेड आणि ब्लॉकच्या मधल्या गॅस्केटचं एक सांगतो, नवीन गॅस्केटची जाडी मोजू नका, मी तेच केलं होतं. नवीन दीड मिलिमीटर, पण टाइट केल्यावर दबतं. जुनं दबलेलं मायक्रोमीटरने मोजलं तर १.२ निघालं. आणि त्याचं भोक बोअरपेक्षा मोठं असतं, माझं ७०.५, म्हणजे ४.७ सीसी. पिस्टन वर येऊन ब्लॉकच्या ०.३ मिलिमीटर खाली थांबतो (पिनच्या रेषेत मोजायचं, नाहीतर पिस्टन डुलतो), त्याचे १.१. चेंबरचे ३५.५ धरून एकूण ४१.३ सीसी.

२८०.४५ भागिले ४१.३, उत्तर ६.८. एवढा कमी, माझा चेहराच पडला. मशीनवाल्याला फोन केला, तो म्हणाला डेढ़ एमएम उड़ा देते हैं, गाड़ी भागेगी. चेंबरचा आकार आलेखाच्या कागदावर उतरवून चौकटी मोजल्या, साधारण ३० चौरस सेंटीमीटर, म्हणजे दीड मिलिमीटरला साडेचार सीसी कमी होणार. चांगलं वाटलं, सोमवारी घेऊन येतो म्हटलं.

रविवारी आत्याने वही पाहिली. "पिस्टन खाली असताना हवा कुठे असते? नुसत्या सिलिंडरमध्ये?" मी म्हटलं, "अगं, वरच्या पोकळीतही असते." "मग ती वरच्या आकड्यात कुठे धरलीस?" झालं. वरच्या आकड्यातही ४१.३ मिळवायचे होते, म्हणजे उत्तरात अधिक एक राहिला होता. रेशो ६.८ नाही, ७.८.

त्यातच आणखी एक. पिस्टनवर सहज स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर ती मधे टेकून दोन्ही बाजूंना झुलायला लागली. नव्या पिस्टनचं डोकं फुगीर होतं, डोळ्याला दिसतही होतं, पण हिशोबात घ्यायचं सुचलंच नाही. पिस्टनची कड बरोबर १० मिलिमीटर खाली आणली, भोवती ग्रीस, वर तेच ॲक्रिलिक. सपाट असता तर ३७.४ सीसी मावले असते, मावले ३४.३. म्हणजे ३.१ सीसी पिस्टननेच खाल्ले. नवा हिशोब, पोकळी ३८.२, रेशो ८.३. आणि तिसऱ्या सिलिंडरचा ८.७.

दीड मिलिमीटर उडवलं असतं तर तीन सिलिंडर ९.३ वर आणि तिसरा ९.८ वर, तेही साध्या पेट्रोलवर, म्हणजे नॉकिंगची (पेट्रोल आपोआप पेटून होणाऱ्या टकटकीची) भीती, वर व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या पुशरॉडची लांबी बिघडली असती ती वेगळीच. सोमवारी मशीनवाल्याला फोन करून "नको" म्हणून सांगितलं, तो जरा नाराज झाला.

उलट तिसऱ्या चेंबरमधून थोडं काढावं लागलं. सीटला लागू नये म्हणून जुने व्हॉल्व्ह बसवून ठेवले आणि व्हॉल्व्हच्या बाजूच्या भिंती छोट्या ग्राइंडरने घासल्या, अर्धा सीसी घासायचं, धुवायचं, मोजायचं. ॲल्युमिनियम लोण्यासारखं निघतं त्यामुळे हात आवरावा लागतो. चार फेऱ्यांत ३५.३ वर आणलं आणि थांबलो.

गाडी फेब्रुवारीत सुरू झाली. खंडवा रोडने भेरू घाटात नेली, चार माणसं बसवून तिसऱ्या गिअरमध्ये मुद्दाम ॲक्सिलरेटर दाबला, कान लावून बसलो, नॉकिंग नाही. मागच्या सीटवर आत्या होती, तिने फक्त एवढंच विचारलं की ब्युरेट धुतलीस का. तीनदा धुतली, डिझेलचा वास काही जात नाही.