सुक्याबरोबरचे ओले

सुक्याबरोबर ओलेही जळते, असे आपण म्हणतो ते निरपराध ओल्याची कीव करत. चुलीत मात्र अन्याय उलट्या बाजूने होतो. ओले लाकूड टोकांतून फेस काढते, सूं सूं करत बसते आणि शेजारच्या चांगल्या सुक्या ढलपीची धग गिळून टाकते.

गोव्यात घरोघरी गॅस आला, तरी जळण काही संपले नाही. न्हाणीतल्या भाणाखाली, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्याखाली, ते लागते, चतुर्थीला मागच्या दारी चिऱ्यांच्या चुलीवर मोठे टोप चढतात तेव्हा लागते, काजूच्या हंगामात फेणी गाळायच्या भाटीला लागते, पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीला तर रोज लागते. आणि चतुर्थी येते ती भाद्रपदात. त्याआधीच्या अडीच-तीन महिन्यांत वर्षाच्या सुमारे 3000 मिलीमीटर पावसातला बराचसा कोसळून गेलेला असतो. अंगणात ताडपत्री टाकून ठेवलेल्या लाकडांची खरी परीक्षा त्या दिवशी होते आणि निकाल स्वयंपाकघरातल्या डोळ्यांत दिसतो.

ओल्या लाकडाचा हिशेब जरा फसवा असतो. नुकत्या तोडलेल्या झाडाच्या 10 किलो लाकडात साधारण निम्मे पाणी धरा. हे 5 लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला जी उष्णता जाते, ती पुरवायला किलोभर सुके लाकूडही लागत नाही. म्हणजे नुकसान फार नाही, असे वाटेल. पण खरा तोटा वाफेत नसून धुरात आहे. लाकूड तापले की आधी त्यातून वायू निघतात, आणि जाळाची बरीचशी ताकद त्या वायूंतच असते. पाण्यामुळे चुलीची धग उतरली की ते पेट घेत नाहीत, धूर होऊन कौलांतून निघून जातात, जाताना भिंतीला डांबरासारखा काळा थर लावतात. फुंकणीने कितीही फुंकले तरी जो धूर आधीच गेला तो परत येत नाही.

तेव्हा वाळवायचे. पण कशाने? ‘उन्हात टाक’ हे सगळ्यांचे उत्तर. उन्हाला या कामात जरा जास्तच श्रेय मिळते. पाणी उचलून नेते ती हवा. ऊन त्या हवेची तहान वाढवते. 30 अंशांची, 70 टक्के दमट हवा घ्या. गोव्याच्या किनाऱ्यावर अशी हवा नेहमीचीच. तीच हवा बंदिस्त जागेत, म्हणजे उन्हावर तापणाऱ्या, पारदर्शक छपराच्या वाळवण-पेटीत, 45 अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातले पाणी तेवढेच राहूनही दमटपणा 31 टक्क्यांवर येतो. 70 टक्के दमट हवेत लाकूड 13 टक्क्यांच्या आसपास ओलाव्याला थांबते, कितीही महिने ठेवा. 31 टक्क्यांच्या हवेत ते 6 टक्क्यांपर्यंत उतरू शकते. चुलीला एवढे कोरडे लाकूड नकोच, 15 ते 20 पुरे. पण लाकडाचा ओलावा आणि हवेचा कोरडेपणा यांतला उतार जितका मोठा, तितके पाणी लवकर धावते. पेटीचा सगळा उपयोग एवढाच, की जे काम उघड्यावर पाच-सहा महिने घेते ते ती पाच-सहा आठवड्यांत उरकते.

पेटीआधी कुऱ्हाड, मात्र. लाकडातले पाणी अंगातून निघते त्याच्या दहा-पंधरा पट वेगाने टोकांतून निघते, कारण झाडाच्या नळ्या उभ्या असतात. म्हणून तुकडा आखूड हवा: चुलीला 30 ते 35 सेंटीमीटर, भाणाखालच्या मोठ्या चुलीला 40. सालीतून पाणी जवळजवळ जातच नाही, म्हणून मनगटाएवढी फांदीसुद्धा निदान उभी चिरावी. ढलपीची जाडी 7 ते 10 सेंटीमीटर. फोडायचे ते ओले असतानाच. आकाशियासारखी आडमुठी लाकडे वाळल्यावर कुऱ्हाडीला दाद देत नाहीत. नारळाच्या सोडणांचे, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालींचे, गणित निराळे: काथ्या स्पंजासारखा पाणी धरतो, म्हणून ती पालथी टाकू नयेत, आतली बाजू उन्हाकडे करावी. करवंट्यांना पेटीची गरजच नाही. आणि झाड पाडण्याचा विषय निघालाच आहे तर, खासगी जमिनीतले झाड असले तरी गोव्यात 1984 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती मिळवायचे दिवसही वेळापत्रकात धरावेत.

आता पेटी. घरगुती कामाला 2 मीटर लांब, 1 मीटर खोल. मागची उंची दीड मीटर, पुढची 1 मीटर 10 सेंटीमीटर. छपराचा उतार त्यामुळे 22 अंशांच्या आसपास येतो आणि तो दक्षिणेकडे ठेवायचा. गोवा 15 अंश अक्षांशाजवळ आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला झुकलेला, क्षितिजापासून साधारण 51 अंशांवर असतो, आणि आपल्याला त्याच महिन्यांतले ऊन पकडायचे आहे. मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा तोंड कुठेही असले तरी चालते.

तळाला चार-सहा चिरे, त्यावर पोफळीचे वासे, जमिनीपासून वीतभर अंतर सोडून. हे अंतर वाळवीसाठी आणि वाऱ्यासाठी, दोन्हींसाठी. मागची भिंत आतून काळ्या रंगाच्या पत्र्याची. छप्पर आणि पुढची बाजू पारदर्शक: पॉलिहाउसला वापरतात तो 200 मायक्रॉनचा, अतिनील किरणांना टिकणारा प्लास्टिकचा कागद. बाजारात गादीवर गुंडाळून येते ते साधे प्लास्टिक घेऊ नये, एका उन्हाळ्यात पापडासारखे मोडते. निळी ताडपत्री तर मुळीच नको, ऊन बाहेरच अडवून ती आत फक्त दमटपणा कोंडते. दोन्ही बाजूंना फळ्या किंवा जुने दरवाजे, त्यांतली एक बाजू उघडती.

हवेची दारे दोन. पुढे तळाशी पूर्ण लांबीची 10 सेंटीमीटर उंचीची फट, मागे वर 12 ते 15 सेंटीमीटरची. वरची मोठी असावी, कारण तापलेली हवा फुगते. दोन्हींना बारीक जाळी आणि बंद करता येईल अशी फळी. लोकांचा हात आखडतो तो नेमका इथे. भोके ठेवली तर गरम हवा जाईल, या भीतीने पेटी हवाबंद करतात आणि आठवड्याने आत अळंबी उगवतात.

अशा पेटीत 700 ते 800 किलो ओले लाकूड बसते, त्यातले 300 किलोच्या आसपास पाणी बाहेर काढायचे असते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी 7-8 किलो पाणी निघाले तर पेटी नीट चालली म्हणायची. रचताना ढलप्यांत दोन बोटांची फट हवी, ढिगात आणि काळ्या पत्र्यात वीतभर, आणि लाकूड कागदाला कुठेही टेकू नये. टेकले तिथे पाणी साचते. कोपऱ्यांवर एक थर आडवा, एक उभा, म्हणजे ढीग ढासळत नाही. जेवढे मावते तेवढे कोंबण्याचा मोह मात्र आवरावा. कोंबलेल्या पेटीत बाहेरचे लाकूड कडकडीत आणि मधले घामेजलेले निघते.

पहिले दहा-बारा दिवस दोन्ही दारे पूर्ण उघडी. सकाळी कागदाच्या आतून थेंब लोंबताना दिसले तर ते बिघडल्याचे लक्षण नव्हे, पाणी निघते आहे. पण दहा-अकरा वाजेपर्यंत ते नाहीसे झाले पाहिजेत. नाही झाले तर दार अजून मोठे करा. थेंब लाकडावर न पडता कागदावरून घरंगळून पुढे जावेत, यासाठीही तो उतार कामाला येतो. नंतर संध्याकाळी दारे बंद, सकाळी दव उडाल्यावर उघडायची. गोव्यातली जानेवारीतली रात्र अंगाला सुखाची असली तरी लाकडाला ओलसर असते. दिवसभर जे सोडले त्यातले थोडे ते रात्री परत पिते. तडे जातील याची चिंता सुताराने करावी. जळणाच्या लाकडाला पडलेला प्रत्येक तडा म्हणजे पाण्याला नवी वाट.

झाले की नाही, हे ओळखायला दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघायची जुनी रीत चांगली आहे. सुके टणटण वाजते, ओले धप्प. पण कान फसतात, वजन फसत नाही. पेटीच्या मधल्या थरातली एक जाड ढलपी निवडून तिला खूण करावी आणि दर रविवारी त्याच वेळी काट्यावर टाकावी. आठवड्याभरातली घट शंभरात एकापेक्षा कमी झाली की पेटी रिकामी करायला हरकत नाही. नेमका आकडाच हवा असेल तर ढलपीच्या मधोमध दोन बोटांची चकती कापावी, तोलावी, 103 अंशांवर वजन थांबेपर्यंत वाळवावी. 240 ग्रॅमचे 200 झाले, तर गेलेले 40 भागिले 200, म्हणजे 20 टक्के. सुयांचे ओलावामापक घेतले असेल तर ढलपी ताजी चिरून आतल्या अंगाला टोचावे. बाहेरून टोचून खूश होणारे पुष्कळ असतात.

काजूचे लाकूड असेल तर आणखी एक काम. खोडकिडीने मेलेले झाड तोडून त्याचे ओंडके बागेतच रचून ठेवणे म्हणजे उरलेल्या झाडांच्या उशाशी शत्रू निजवणे. अळ्या सालीखाली जिवंत असतात, वाढतात, भुंगे होऊन शेजारच्या बुंध्यावर जातात. अशा ओंडक्यांची साल आधी सोलून लगेच जाळावी. लाकूड नेहमीसारखे वाळवावे आणि मग, एप्रिलमधल्या एखाद्या निरभ्र दिवशी, सकाळपासूनच दोन्ही दारे बंद करून पेटी तापू द्यावी. जगभर जाणाऱ्या लाकडी खोक्यांसाठीचा आयएसपीएम-15 हा नियम सांगतो: गाभ्यापर्यंत 56 अंश, सलग 30 मिनिटे. हवा 56 झाली म्हणजे लाकूड झाले असे नाही. सर्वांत जाड ढलपीला गाभ्यापर्यंत भोक पाडून त्यात तापमापक खुपसावा आणि तोच आकडा खरा मानावा. क्रम मात्र चुकवू नये. ओल्या लाकडाने भरलेली पेटी बंद केली तर उष्णता पाण्यातच खर्च होते, आकडा चढत नाही, आत नुसता दमट उबारा तयार होतो. आणि आज 20 मिनिटे, उद्या 10, अशी बेरीज किडा मानत नाही. वाळवीवर उपाय म्हणून कीटकनाशक किंवा जुने इंजिन ऑइल फासणारेही भेटतात. ते सगळे शेवटी भाताच्या टोपाखाली जळणार, एवढे त्यांना कुणीतरी सांगावे.

तुळशीचे लग्न लागले की पहिली भर, मग दर सहा आठवड्यांनी पुढची. मे उजाडेपर्यंत चार भरी सहज निघतात, म्हणजे दीड-पावणेदोन टन सुके जळण. मीठ, मिरच्या, सुकी मासळी, सोले यांच्याबरोबर आगोटीत, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीत, लाकडेही घरात यायला हवीत, आणि मृगाच्या आठवडाभर आधी पेटीचा कागद उतरवून गुंडाळून ठेवायला हवा. पहिल्या वादळी सरीत तो फाटतोच. पावसाळ्यातल्या 90 टक्के दमट हवेत मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, ठेवलेले सुके लाकूडही हळूहळू 20 टक्क्यांकडे सरकते. ते थोपवता येत नाही, लांबवता येते: भिंतीपासून हातभर दूर, पावळीच्या शिंतोड्यांपासून आत, आणि चतुर्थीपुरते निवडक लाकूड चुलीच्या वरच्या फळीवर, रोजच्या उबेत.

उपसताना वरून घ्यावे, खालून ओढू नये. आणि हात घालण्याआधी काठीने ढीग वाजवावा. फुरसे, मण्यार यांनाही कोरडी जागा आवडते.